पाहुण्याला सहवास, रहिवाशाला वनवास

पुण्याच्या एकाच महाविद्यालयातून एकाच वर्षी अभियांत्रिकीची पदवी घेऊन दोन तरुण अमेरिकेत गेले असे समजा. एक तेथे एच-१बी नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करतो. नोकरी सुटली की काही आठवड्यांत गाशा गुंडाळून परतण्याची पाळी ज्याच्यावर केव्हाही यावी, असा तो पाहुणा. दुसऱ्याला ग्रीन कार्ड मिळाले आहे. म्हणजे त्या देशाने त्याच्या बोटांचे ठसे घेतले, रक्त तपासले, पूर्वचरित्र उकरून पाहिले आणि मग कायमचा रहिवासी म्हणून त्याला पत्करले. दोघांची लग्ने यंदाच्या मार्गशीर्षात झाली. पाहुण्याची बायको मुलाखत देते, एच-४ व्हिसाचा शिक्का घेते आणि विमानात बसते. रहिवाशाची बायको विमानतळावर नवऱ्याला निरोप देऊन घरी येते, आणि तेथून पुढे तिने किती वर्षे वाट पाहायची ते वॉशिंग्टनमधले एक कोष्टक ठरवते. ज्याला उद्या घालवायचे त्याला जोडीने नांदू देणारे आणि ज्याला जन्मभर ठेवून घ्यायचे त्याचा संसार दोन खंडांत टांगून ठेवणारे हे शहाणपण एखाद्या पेंगुळलेल्या मामलेदाराच्या कचेरीतून निघालेले नाही. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या, जगाला स्वातंत्र्याचे पाठ देणाऱ्या, आपल्या घटनेची पारायणे करणाऱ्या राष्ट्राच्या कायदेमंडळातून ते निघाले आहे. याला कायदा म्हणतात. आम्ही याला निर्लज्जपणा म्हणतो.

हा कारकुनी घोळ आहे, आज ना उद्या सुटेल, अशी भाबडी समजूत करून घेणारांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९६५ च्या ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून, नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. जन्मदेशावरून माणसे मोजूनमापून घेण्याची जुनी रीत त्या दिवशी मोडली आणि ताटातूट झालेली कुटुंबे एकत्र आणणे हे धोरणाचे सूत्र म्हणून मिरवले जाऊ लागले. नागरिकाच्या पती-पत्नीला संख्येची मर्यादा नाही. कायम रहिवाशाच्या पती-पत्नीला मात्र कोट्यात कोंबलेले. १९९० च्या कायद्याने या कोट्याला आजचे रूप दिले: कुटुंबाच्या दुसऱ्या पसंतीला वर्षाकाठी १,१४,२०० व्हिसा, आणि त्यांतले ७७ टक्के, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास, रहिवाशांचे जोडीदार व अल्पवयीन मुले यांच्यासाठी. एवढे साऱ्या पृथ्वीला मिळून! या प्रवर्गाचे सरकारी नाव एफ-२ए. अमेरिकेची लोकसंख्या या काळात काही कोटींनी वाढली, उद्योग वाढले, रहिवासी वाढले, तरी पस्तीस वर्षांत हा आकडा जागचा हलला नाही.

आता या कोट्याची चाल पाहा. परराष्ट्र खाते दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढते. ज्या दिवशी अर्ज पडला ती तुमची प्रायोरिटी डेट. बुलेटिनातली तारीख तिच्यापर्यंत पोहोचली की तुम्ही 'करंट' झालात, आणि तारीख मागे सरकली की पुन्हा बसा. २०२५ च्या ऑगस्टचे बुलेटिन सांगत होते की २०२२ च्या १ सप्टेंबरपूर्वी ज्यांनी अर्ज केला त्यांचीच पाळी लागली आहे. म्हणजे तीन वर्षे. दोन महिन्यांनी सरकारचे नवे आर्थिक वर्ष उघडले आणि तीच तारीख एका उडीत २०२४ च्या फेब्रुवारीवर जाऊन बसली. जी स्त्री ऑगस्टमध्ये अमेरिकेला जड होती ती ऑक्टोबरमध्ये हलकी कशी झाली? तिचे शिक्षण तेच, चारित्र्य तेच, नवरा तोच. बदलली होती ती कोष्टकातली एक ओळ. या ओळीच्या लहरीवर हजारो घरांतले पाळणे, नोकऱ्या आणि सणवार ठरतात, आणि ही ओळ लिहिणाऱ्यास त्याचे कारण कोणाला सांगावे लागत नाही.

याहून मोठा विनोद मुहूर्ताचा. नवऱ्याचे कार्ड मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी लग्न झालेले असेल तर बायको त्याच्याच अर्जाच्या पुण्याईवर मागोमाग येऊ शकते. मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर अक्षता पडल्या तर नवा अर्ज, नवी तारीख, नवी रांग. तेच वर, तीच वधू, तेच मंगलाष्टक. चोवीस तासांच्या अंतराने कित्येक वर्षांची शिक्षा. म्हणूनच तेथले वकील अविवाहित तरुणांना कानात सांगतात, "कार्ड यायच्या आत उरकून घ्या, निदान नोंदणी तरी करा." सोलापूरच्या दात्यांनी पंचांग काढावे, गुरुजींनी त्यातून गोरज मुहूर्त शोधावा, वधूपित्याने कार्यालय धरावे, आणि शेवटचा शब्द मात्र नेब्रास्कातल्या सरकारी अर्जकेंद्राचा! धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याचा डांगोरा पिटणाऱ्या देशाने लग्नाच्या तिथी सांगण्याचे भिक्षुकी कामही अंगावर घेतले, हे आम्हांस खरोखरच ठाऊक नव्हते.

आणि वाट पाहणे म्हणजे नुसते कॅलेंडरची पाने फाडणे असे ज्यांना वाटते त्यांनी नाशिक, डोंबिवली, सांगलीतल्या त्या घरांत एकदा डोकावून यावे. नोकरी आहे, पण "तुम्ही तर जाणारच" म्हणून बढती नाही. नोकरी सोडली, तर "अजून गेली नाही वाटतं?" हा जिन्यातला प्रश्न आहेच. भाड्याने घर घ्यावे तर कशाला, सासरी राहावे तर किती दिवस, मूल आणावे तर कोणाच्या भरवशावर. तिशी उलटून जाते. वय काही व्हिसा बुलेटिनाची परवानगी मागून वाढत नाही. तिकडे नवरा रात्रीच्या साडेअकराला, इकडच्या सकाळच्या घाईत, फोनच्या चौकोनात दिसतो आणि दोघेही एकमेकांस "तारीख हलली का?" एवढेच विचारतात. (वाट पाहणाऱ्यांत नवरेही आहेत, नर्स, डॉक्टर, संशोधक म्हणून तेथे स्थिरावलेल्या मुलींचे नवरे इकडे अडकून पडले आहेत, आणि 'बायकोच्या कार्डावर जाणारा' म्हणून आमचा समाज त्यांच्या जखमेवर जे मीठ चोळतो ते वेगळेच.)

मग भेटायला तरी जावे? पर्यटक व्हिसाच्या खिडकीशी ती गेली की तिला कळते की कायदा प्रत्येक अर्जदाराला 'हा इथेच राहायला आला आहे' असे गृहीत धरतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकतो. नवरा तेथला कायम रहिवासी, तिच्या नावाचा स्थलांतराचा अर्ज सरकारदरबारी पडलेला. ती काय सिद्ध करणार? जो अर्ज तिच्या नवऱ्याने कायद्याला मान देऊन, फी भरून, खरे बोलून केला, तोच तिच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होतो. चोरवाटेने गेली असती तर गुन्हेगार ठरली असती. सरळ वाटेने गेली म्हणून संशयित ठरते. बरे, नवऱ्याने इकडे येऊन राहावे? सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिला तर नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य तुटल्याचे धरले जाते. परवान्यावाचून वर्ष काढले तर कार्डावरच गंडांतर. तो जाऊ शकत नाही, ती येऊ शकत नाही, आणि मध्ये उभे राहून सरकार दोघांना विचारते: तुमचे लग्न खरे कशावरून? लग्नाचा अल्बम आणा, संयुक्त बँकखाते दाखवा, एकत्र प्रवासाची तिकिटे जोडा, एका पत्त्यावर राहिल्याचा दाखला द्या. दोन जीवांना एका छपराखाली येऊ द्यायचे नाही आणि मग एका छपराखाली राहिल्याचा कागद मागायचा! संसार सिद्ध करा म्हणणारेच संसार होऊ देत नाहीत.

पाहुण्याला सहवास मिळतो असे आम्ही म्हटले. तो कसला मिळतो हेही सांगितले पाहिजे, नाहीतर त्या बिचाऱ्यांवर अन्याय होईल. एच-४ वर गेलेल्या विवाहितेला २०१५ च्या मे महिन्यापर्यंत एक डॉलरही कमावण्याचा हक्क नव्हता. पदव्युत्तर शिकलेल्या, पुण्यात पगारपत्रकावर सही करणाऱ्या बायका तेथे नवऱ्याच्या डब्यापुरत्या उरल्या. ओबामांच्या कारकिर्दीत परवानगी आली तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा मामला ठरावीक पायरीपर्यंत गेला असेल तरच. आणि २०२५ च्या ३० ऑक्टोबरपासून त्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज पडून असताना जुना परवाना आपोआप चालू राहण्याची सोयही सरकारने काढून घेतली. म्हणजे सरकारच्या टेबलावर उशीर सरकार करणार आणि नोकरी बाईची जाणार. हे परावलंबन नवऱ्याच्या कार्डाने संपेल म्हणावे, तर नोकरीच्या वाटेने मिळणारी कार्डे वर्षाला १,४०,०००. त्यांत बायकामुले धरलेली, त्यामुळे निम्म्याहून अधिक त्यांच्यातच खर्ची पडतात. आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची वेसण. आइसलँडला जेवढी तेवढीच भारताला! २०२५ साली भारतीयांच्या या रांगेत २०१३ च्या आरंभीच्या अर्जांपर्यंत गाडी आली होती.

या परावलंबनाचे टोक २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सास राज्यातल्या ओलेथ गावी दिसले. एका भारतीय अभियंत्याला, "माझ्या देशातून चालता हो" असा आरडाओरडा करणाऱ्या माथेफिरूने गोळ्या घालून ठार केले. त्याच्या पत्नीचे त्या देशातले कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेले होते. नवरा गेला तसे तेही गेले. अंत्यसंस्कारासाठी हैदराबादेला आलेल्या त्या विधवेला परत जाता यावे म्हणून अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याला खटपट करावी लागली. गोळी झाडली त्या खुन्याने. पण विधवेला तिच्याच घरातून बेदखल करण्याचे काम कायद्याने अगदी शांतपणे, नियमानुसार केले.

आता या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे. प्रत्येक राष्ट्र सार्वभौम असते, कोणाला घरात घ्यावे हे घरधन्याने ठरवावे, मर्यादा कोठेतरी आखावीच लागते. मान्य! शंभर वेळा मान्य. पण या प्रकरणात घरधन्याने निवड केव्हाच केलेली आहे. तो तरुण पारखून, तपासून, कायमचा म्हणून घेतलेला आहे. माणूस घेतला आणि त्याचा संसार मात्र आम्ही हप्त्याहप्त्याने घेऊ, ही सार्वभौमत्वाची नव्हे, सावकाराची भाषा झाली. आणि रांग मोकळी केली तर आकाश कोसळेल म्हणावे, तर तोही प्रयोग होऊन गेला आहे. २०१९ च्या जुलैपासून २०२३ च्या मार्चपर्यंत, जवळजवळ पावणेचार वर्षे, एफ-२ए प्रवर्ग 'करंट' होता. कोट्यासाठी ताटकळणे नव्हते. त्या काळात राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे जाऊन दुसऱ्या पक्षाचे आले, महामारी आली, पण रहिवाशांच्या बायका आल्या म्हणून अमेरिका बुडाल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. मग एप्रिलमध्ये तारीख पुन्हा मागे ओढली गेली आणि सगळे मुकाट पूर्ववत झाले.

मनुष्यबळ अपुरे आहे, हे दुसरे रडगाणे. हे मनुष्यबळ कोणासाठी अपुरे असते तेवढे तपासावे. कंपनीला आपला माणूस ठेवून घ्यायचा असेल, तर तिच्या अर्जाला 'प्रीमियम' सोय आहे. २०२४ मध्ये हा दर २,८०५ डॉलर झाला होता; तो मोजला की पंधरा कामाच्या दिवसांत सरकार उत्तराला बांधील. नवऱ्याने बायकोसाठी केलेल्या अर्जाला ही खिडकीच नाही. त्याची फी मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ५३५ वरून ६७५ डॉलरवर गेली. फी वेळेवर, न्याय सवडीने. यावर कळस म्हणजे २०२५ च्या १९ सप्टेंबरचा राष्ट्राध्यक्षीय हुकूम. 'गोल्ड कार्ड' असे त्या सोन्याच्या अंड्याचे नाव. दहा लाख डॉलर सरकारला 'भेट' द्या आणि कायम वास्तव्याचा दरवाजा तुमच्यासाठी उघडा. सात पावले बरोबर चालून बांधलेली गाठ कोट्यात बसत नाही, आणि दहा लाखांची थैली बरोबर बसते! हीच बुद्धी साहेबाच्या विलायतेतही शिरली आहे. तेथे २०२४ च्या एप्रिलपासून परदेशी जोडीदार आणायचा तर वर्षाची मिळकत किमान २९,००० पौंड असावी लागते. गरिबाने प्रेम खुशाल करावे, संसार मात्र मिळकतीचा दाखला जोडून थाटावा. आता सीमेवर द्वारपाल उभा आहे की जकात वसूल करणारा नाकेदार, हे वाचकांनीच ओळखावे.

पण आमचा खरा संताप या कंजूषपणावर नाही. तो या दुटप्पीपणावर आहे. अठरा ते पंचवीस वयाच्या कायम रहिवासी पुरुषाला सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. उद्या युद्ध पेटले आणि भरतीची वेळ आली, तर त्याचे रक्त पुरेसे अमेरिकन. त्याची बायको तेवढी परकी. जगभरातल्या त्याच्या मिळकतीवर कर अमेरिकेचा. आणि करखात्याची उदारता तर अशी की, परदेशात खितपत पडलेल्या बायकोला त्याने हवे तर रहिवासी मानावे, दोघांचे विवरणपत्र एकत्र भरावे. फक्त तसे केले की तिचा पुण्यातला पगारसुद्धा अमेरिकेच्या करहिशेबात मांडावा लागतो. एका खात्याला ही बाई अमेरिकेत राहत असल्याची कल्पना करायला काही अडचण वाटत नाही, दुसऱ्या खात्याला तिने खरोखर राहायला यावे म्हटले की राष्ट्राची सुरक्षितता आठवते. खजिन्याच्या दाराने तिने यावे, घराच्या दाराने येऊ नये.

आणि हे कोणाच्या राज्यात? 'कुटुंबमूल्ये' या शब्दावर ज्यांनी निवडणुकांमागून निवडणुका लढवल्या, व्यासपीठावर बायकामुलांना उभे करून ज्यांनी मते मागितली, त्या रिपब्लिकनांच्याही, आणि स्थलांतरितांच्या अश्रूंवर भाषणे करून टाळ्या घेणाऱ्या डेमोक्रॅटांच्याही राज्यात. दुखणे यांना समजत नाही असे नाही. बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील स्थलांतरविषयक आयोगाने १९९५ सालीच स्पष्ट सांगितले होते की रहिवाशांचे पती-पत्नी आणि अज्ञान मुले यांना अग्रक्रम द्या आणि ही तुंबलेली रांग मोकळी करा. अहवाल फडताळात गेला. २००० च्या डिसेंबरात 'व्ही' नावाचा व्हिसा काढला: तीन वर्षे ताटकळलेल्या जोडीदाराने अमेरिकेत येऊन, नवऱ्याबरोबर राहून, उरलेली वाट पाहावी. किती साधा, किती माणुसकीचा उपाय! पण तो २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज केलेल्यांपुरताच. २२ डिसेंबरला ज्यांच्या नावाचा अर्ज पडला त्या बायकांनी काय पाप केले होते, ते त्या कायद्यात कोठे लिहिलेले नाही. २०१३ च्या २७ जूनला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक व्यापक विधेयक मंजूर केले. त्यात रहिवाशाच्या जोडीदाराला नागरिकाच्या जोडीदाराच्या पंक्तीला बसवून कोट्यातून मोकळे करण्याची तरतूद होती. प्रतिनिधिगृहाच्या धुरीणांनी ते मतालाच टाकले नाही. उपाय माहीत आहे, उपाय वापरून पाहिला आहे, उपाय एका सभागृहात मंजूरही झाला आहे. आडवे येते ते अज्ञान नव्हे, ती दानत आहे. रहिवाशाला मत नसते आणि त्याची बायको तर त्या देशातच नसते. मग या दोघांसाठी कोणता पुढारी आपली खुर्ची कुरकुरू देईल?

न्यायालय तरी? १९६७ साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या लव्हिंग दांपत्याला न्याय दिला. तो गोरा, ती काळी; लग्न केले म्हणून राज्याने शिक्षा ठोठावली आणि पंचवीस वर्षे मिळून राज्यात पाऊल टाकायचे नाही या अटीवर ती तहकूब केली. विवाह हा मूलभूत हक्क आहे, असे तेव्हा न्यायालयाने बजावले आणि जगाने माना डोलावल्या. त्याच न्यायालयाने २०२४ च्या २१ जूनला म्युन्योझ खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल देऊन सांगितले की, अमेरिकन नागरिकालाही आपल्या परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नाही. त्या खटल्यातली स्त्री नागरिक होती, वकील होती. नवरा एल साल्वादोरचा. नागरिकाची ही कथा, तर रहिवाशाने कोणाच्या दाराशी जावे? विवाहाचा हक्क पवित्र, पण विवाहितांनी एकत्र राहण्याचा हक्क वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर, हा न्याय ऐकून लव्हिंग दांपत्याला शिक्षा ठोठावणारा व्हर्जिनियातला तो जुना न्यायाधीश थडग्यात सुखावला असेल. २०२५ च्या नोव्हेंबरात तर सॅन दिएगोत, ग्रीन कार्डाच्या मुलाखतीला नवऱ्याचा किंवा बायकोचा हात धरून आलेल्या जोडीदारांना, व्हिसाची मुदत उलटल्याचे कारण दाखवून, मुलाखतीच्या खोलीतूनच पकडून नेल्याची प्रकरणे पुढे आली. सरकारने बोलावले म्हणून ते आले होते. बोलावून बेड्या घालणाऱ्याला आमच्या गावात काय म्हणतात ते येथे छापता येत नाही.

अमेरिकेला एवढे सुनावल्यावर आमच्या घरची झाकली मूठ झाकलेली ठेवणे हा भ्याडपणा होईल. दिल्लीचे दरबारी २०१९ च्या सप्टेंबरात ह्यूस्टनच्या मैदानावर पन्नास हजारांच्या टाळ्यांत न्हाऊन निघाले. पाच महिन्यांनी अहमदाबादच्या मैदानावर पाहुणचाराची परतफेड झाली. दोन्ही सोहळ्यांत मैत्रीची ग्वाही उदंड होती. पण आपल्या लेकीबाळी वर्षानुवर्षे अडकून पडल्या आहेत, हा विषय त्या मैत्रीच्या पंगतीत वाढला गेल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. आमच्या सरकारी कचेऱ्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असे कोण म्हणेल? येथेही परदेशी सून किंवा जावई यांना नागरिकत्वासाठी सात वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, शिक्क्यांसाठी खेटे घालावे लागतात. पण निदान ते खेटे जोडीने घालता येतात. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला व्हिसा घेऊन त्याच्या घरात राहता येते, दोन वर्षांनी दीर्घ वास्तव्याचे ओसीआय कार्ड मागता येते. ही एक गोष्ट सांगायला दिल्लीची जीभ का लुळी पडावी?

आणि आमचा सुशिक्षित मराठी समाज! वधुवरसूचक मंडळांच्या याद्यांत 'ग्रीन कार्ड होल्डर' ही अक्षरे दिसली की पत्रिका न पाहता गुण जुळू लागतात. "सहा महिन्यांत घेऊन जातो," असे वरपक्ष बैठकीत बिनदिक्कत ठोकून देतो, आणि कार्ड कोणत्या तारखेचे, अर्ज कोणत्या प्रवर्गात पडणार, किती वर्षे लागतात, हे विचारणे वधूपक्षाला संकोचाचे वाटते. हुंड्याची यादी विचारायला आमच्या आजोबांना संकोच वाटत नव्हता. नातीला किती वर्षे एकटीने काढावी लागतील हे विचारायला आम्हांला वाटतो. तिकडची तऱ्हा आणखी निराळी. १९६५ च्या कायद्याच्या दाराने जे डॉक्टर-इंजिनिअर आपापल्या बायकांसह सुखरूप आत गेले, ज्यांनी मागून भाऊ, बहिणी, आईवडील आणले, त्यांतलेच काही आज महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात श्रीखंडाची वाटी हातात धरून नव्या पोरांना सांगतात, "आम्हीही रांगेत उभे होतो." उभे होते खरे, पण रांग तेव्हा आखूड होती आणि बायको शेजारी उभी होती.

आमचा निवाडा स्पष्ट आहे. ही दिरंगाई नाही, हे धोरण आहे. कुटुंबाचे गोडवे गाणारे सरकार कुटुंबालाच ओलीस ठेवून स्थलांतराला आळा घालते. आणि ज्याने कायदा मोडला नाही त्याचाच यात सर्वांत अधिक छळ होतो. याचा दोष कोण्या एका राष्ट्राध्यक्षावर ढकलून बाकीच्यांना मोकळे होता येणार नाही. पस्तीस वर्षांत व्हाइट हाऊसमध्ये दोन्ही पक्षांचे धनी बसले, आणि आकडा जेथल्या तेथे राहिला.

तेव्हा अमेरिकेत मताचा हक्क मिळवलेल्या मराठी बांधवांनो, पुढच्या निवडणुकीत तुमच्या दिवाणखान्यात समोसे खायला आणि धनादेश न्यायला उमेदवार आला की त्याला भारत-अमेरिका मैत्रीबद्दल काही विचारू नका. कायम रहिवाशाच्या पती-पत्नीला कोट्यातून वगळण्याच्या बाजूने मत देणार की नाही, आणि तोवर 'व्ही' व्हिसा पुन्हा चालू करणार की नाही, एवढेच विचारा. उत्तर हो किंवा नाही यांपैकी एका शब्दात घ्या, आणि ते मिळेपर्यंत धनादेशावर सही करू नका. इकडच्या वधूपित्यांनो, सुपारी फोडण्यापूर्वी मुलाचा पगार विचारता तशी त्याच्या कार्डाची तारीखही विचारा. आणि वॉशिंग्टनच्या कायदेमंडळाला आमचे सांगणे एवढेच: जी दुरुस्ती तुमच्याच सिनेटने २०१३ साली ६८ मतांनी केली होती ती पुन्हा करा, आणि ती होईपर्यंत या बायकांना त्यांच्या नवऱ्यांच्या घरात बसून वाट पाहू द्या.